एकच हरकत

सोमवार, ४ मार्च

आज तीनदा गेली वीज. सकाळी दहाला, मग बाराला, मग ताई जेवायला बसली तेव्हा. यंत्राने शिट्टी मारली की घरभर धावपळ — आणि धावणारी मी एकटीच! कोपऱ्यातला सिलिंडर ओढायचा, नळी बदलायची, चावी फिरवायची. ताईच्या नाकाला नळी पुन्हा लागेपर्यंत माझाच श्वास अडकतो. ती मात्र शांत. "जावईबापू रुसले वाटतं," म्हणाली. हवेतून प्राणवायू ओढून देणाऱ्या त्या यंत्राला ती जावई म्हणते. घरातली चांगली जागा अडवून बसतो, दिवसभर घुरघुरतो, आणि त्याला दुखवायची सोय नाही.

संध्याकाळी पाव आणायला गेले तर बंद काचकारखान्याच्या फाटकाशी गर्दी. नोटीस लागली आहे. तिथे डेटा सेंटर होणार. ज्यांची हरकत असेल त्यांनी तीन आठवड्यांत लेखी कळवावे. मी आधी नोटिशीतल्या चुका मोजल्या — चार निघाल्या. छत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवल्यावर दुसरं काय होणार! मग मजकूर वाचला.

वायरमन शेजारी उभा होता. म्हणाला, "बाई, आपलं सगळं गाव जेवढी वीज खातं ना, त्याच्या दुप्पट हे एकटं खाणार. आणि लाइन तीच. जुनीच."

जुनी लाइन म्हणजे आमच्याच घरावरून जाते ती.

गुरुवार, ७ मार्च

औषधवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत बैठक. खोकी सरकवून वीस-बावीस जण बसलो. औषधवाला मुख्य — त्याच्या फ्रिजमधली इंजेक्शनं वीज गेली की नासतात, म्हणून तो आधीपासूनच तापलेला. बोलायला सगळे पुढे. लिहायचं कोणी म्हटल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे. यातले निम्मे माझ्या हाताखालून गेलेले. मी आढेवेढे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर वाटच बघत होते.

रविवार, १० मार्च

मसुदा झाला. दीड पान. 'आम्ही खाली सही करणारे जबाबदार नागरिक' इथून सुरुवात. विजेची मागणी, पाण्याचा वापर, केंद्रातल्या यंत्रांना थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा आवाज, सगळं क्रमाने. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. ताईला वाचून दाखवला. तिने डोळे मिटून ऐकला.

"छान आहे. भाषण वाटतं."

मग म्हणाली, "पण ह्यात आम्ही कुठे आहोत? मी आणि जावई?"

मी म्हटलं, हरकतीत घरगुती रडगाणं घालायचं नसतं. मुद्दे मांडायचे असतात. "बरं बाई," म्हणाली आणि हसली. ती 'बरं बाई' म्हणाली की मला नेहमी थोडं हरल्यासारखं वाटतं. लहानपणापासून.

शुक्रवार, १५ मार्च

आमच्या बैठकीच्या खोलीत शाळा भरली आहे! रोज चार ते सहा. जमिनीवर सतरंज्या, मध्ये मसुद्याच्या प्रती, आणि मोठमोठी माणसं मान खाली घालून उतरवून काढतायत. छापील कागदावर नुसती सही नको, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहायचं, असं मीच ठरवलं. त्याला वजन येतं. मी मधून फिरते. खाडाखोड झाली की नवा कागद.

इस्त्रीवाल्याने तिसऱ्या परिच्छेदाखाली आपलीच एक ओळ घुसवली — 'माझी इस्त्री विजेची आहे, थंड झाली की कपडे तसेच पडून राहतात, गिऱ्हाईक शिव्या देतं.' मी लाल पेनाने काट मारली आणि कोरा कागद पुढे केला. तो म्हणाला, "पण खरं आहे ते." मी म्हटलं, खरं असलं तरी इथे शोभत नाही. त्याने तीनदा लिहिलं बिचाऱ्याने. तिसऱ्यांदा अगदी माझ्यासारखं उतरलं.

ताई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. म्हणाली, "निवृत्त झालीस हे तुला कोणी कळवलंच नाही का?"

शनिवार, २३ मार्च

काल हरकती दिल्या. तीनशे चाळीस! नियोजन कार्यालयातल्या कारकुनाने गठ्ठा हातात घेऊन विचारलं, "सगळ्या एकाच हाताच्या वाटतात?" मी म्हटलं, हात वेगळे, वळण एक. ऊर भरून आला होता. आज दिवसभर उगाच गुणगुणत होते.

मंगळवार, २ एप्रिल

तोंड दाखवायला जागा उरली नाही.

कार्यालयाचं पत्र. 'एकाच मजकुराच्या हरकती एकच हरकत म्हणून धरण्यात येतात. सबब प्राप्त हरकती : एक.' शंभर वेगळ्या हरकती आल्या तरच जाहीर सुनावणी. नाहीतर प्रस्ताव आपोआप मंजूर.

एक! तीनशे चाळीस माणसांचा मी एक करून टाकला.

वकीलबाईकडे धावले. माझीच विद्यार्थिनी, पहिल्या बाकावरची. तिने नियमाचं पुस्तक उघडून पुढे ठेवलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं. "तुम्ही मला आधी विचारलं का नाही, बाई?" विद्यार्थिनीला विचारायचं सुचलंच नाही. तिने अर्ज करून मुदत वाढवून घेतली. अठरा दिवस. "पण आता प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहायचं. तुम्ही हात लावायचा नाही. लाल पेन तर घरीच ठेवा."

बुधवार, ३ एप्रिल

जेवण गेलं नाही. ताईने ताट झाकून ठेवलं.

शुक्रवार, ५ एप्रिल

दारोदार फिरते आहे. पहिलं दार इस्त्रीवाल्याचं. मुद्दाम. कठीण ते आधी.

त्याने वर पाहिलंच नाही. शर्टाची कॉलर दाबत राहिला. मग म्हणाला, "माझं मी लिहिलं होतं बाई. तुम्हीच काट मारलीत."

"हो. चुकलं माझं."

बहुतेक मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला असं म्हटलं असेन. निदान हातात इस्त्री असलेल्या माणसाला तरी! तो थांबला. इस्त्री उभी केली. "आता बाईच असं म्हणायला लागल्या तर लिहावंच लागेल," म्हणाला आणि माझ्यासमोर पाच ओळी लिहिल्या. एकही वाक्य धड संपलेलं नाही. 'इस्त्री गार होते मग मी पण गार. मुलीच्या शाळेची फी ह्या इस्त्रीतून निघते साहेब. तुमचं मशीन माझ्या मशीनपेक्षा मोठं आहे म्हणून आधी त्याला का.' मी पदराआड मुठी आवळून उभी होते. हात शिवशिवत होते. पण वाचताना जाणवलं — माझ्या दीड पानात हा प्रश्न नव्हता.

सोमवार, ८ एप्रिल

त्रेचाळीस झाल्या. काय काय लिहितात माणसं! शिंपीणबाई — 'मी अंधारात सुईत दोरा ओवू शकते पण का ओवू?' एक म्हातारे गृहस्थ — 'मला डेटा म्हणजे काय ते माहीत नाही. पण त्याला एवढी भूक असेल तर घरी जेवून यावं.' चौथ्या गल्लीतल्या नवरा-बायकोची तर जुंपलीच. तो बाजूने, ती विरोधात. दोघांनीही लिहिलं. मी दोन्ही कागद घेतले. बाजूने लिहिलेला कागद कार्यालयात मोजला जाईल की नाही, वकीलबाईला विचारायला हवं. आधी विचारायचं, हे आता शिकले.

त्या नवऱ्याने दारात मला गाठून विचारलं, "बाई, तुमचे नातवंडांचे फोटो मोबाइलमध्ये असतात ना? ते कुठे साठतात? कुठेतरी असं केंद्र असणारच की. मग ते दुसऱ्याच्या दारात चालतं आणि आपल्या दारात नाही?"

मला नातवंडं नाहीत. लग्नच केलं नाही. पण ताईच्या नातीचे फोटो आहेत, दोनशे तरी असतील. म्हटलं, जिथे वीज मुबलक आहे तिथे न्यावं. तो म्हणाला, "हे बरं आहे." टोमणा होता की कबुली, कळलं नाही. अजून तेच घोळतंय डोक्यात.

बुधवार, १० एप्रिल

काल दुपारी पावणेतीन तास वीज नव्हती.

मी हरकती गोळा करायला गेलेली. शेवटच्या गल्लीत. पंखे बंद पडले तेव्हा वाटलं, येईल आत्ता. दोन घरं अजून घेतली. दोन घरं! घरी आले तर ताई पलंगाच्या कडेला, सिलिंडरची चावी हातात, आणि फिरवायला ताकद नाही. ओठ जांभळे. बोलता येत नव्हतं, नुसतं माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तेच फार लागलं. सिलिंडर चालू केला. दहा मिनिटांनी रंग आला. पहिला शब्द काय, तर "किती झाल्या?"

"सत्तर," म्हटलं आणि रडले.

डॉक्टर आले, छाती तपासली. म्हणाले, असं पुन्हा झालं तर मी जबाबदारी घेणार नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

भाची आली. ताईची मुलगी. नदीपलीकडे राहते, पुलावरून बसने पाऊण तास. आल्या आल्या कपाट उघडून आईचे कपडे काढायला लागली. "मावशी, तुझ्यावर राग नाही. पण आमच्याकडे वीज जात नाही. वर्षात एकदा गेली असेल, तीही पाच मिनिटं. आईला मी घेऊन जाते."

खरंच जात नाही तिकडे. नवीन उपकेंद्र, नवीन तारा. आणि जावई — खरा जावई — स्वतः गाडी घेऊन येणार.

ताई म्हणाली, "एका घरात दोन जावई! कसं व्हायचं ग माझं!" सगळे हसलो. नंतर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

शनिवार, १३ एप्रिल

गेली ताई.

यंत्र गाडीत मागच्या सीटवर, पट्टा लावून. ताई पुढे. काच खाली करून मला म्हणाली, "औषधाची वेळ झाली की मला हाक मारायची सवय आहे तुला. मारत जा. मी तिकडून ओ देईन." बासष्ट वर्षं आम्ही एका छपराखाली होतो. तिच्या संसाराची सोळा वर्षं सोडली तर.

घरात घुरघुर नाही. इतकी शांतता की घड्याळाचा राग येतो. संध्याकाळी वीज गेली आणि सवयीने धावले. आतल्या खोलीच्या दारात पोचल्यावर कळलं.

मंगळवार, १६ एप्रिल

एकशे बारा गोळा झाल्या. वकीलबाईने मोजल्या आणि म्हणाली, "तुमची कुठे आहे?"

माझी नव्हतीच! सगळ्यांच्या मागे लागले आणि स्वतःची राहिली. घरी येऊन बसले. 'मी खाली सही करणारी जबाबदार नागरिक' — लिहिलं आणि फाडलं. चार कागद फाडले. छत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, आपल्या शब्दांत लिहा. आपले शब्द म्हणजे काय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

मग ताईबद्दल लिहिलं. यंत्र, सिलिंडर, पावणेतीन तास, जांभळे ओठ. तिला घर का सोडावं लागलं. 'नदीपलीकडे माझ्या भाचीच्या वसाहतीत वीज कधी जात नाही, म्हणून माझी बहीण आज जिवंत आहे. इथली लाइन आमचंच ओझं पेलत नाही. एवढं मोठं केंद्र जिथे वीज मुबलक आहे तिथे करावे.' पान भरलं. वाचलं तर वाक्यं लांबलेली, दोनदा 'आणि'ने सुरुवात. तसंच ठेवलं.

ताईला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, "आता आहे मी त्यात."

शनिवार, २० एप्रिल

एकशे तेरा. प्रत्येक वेगळी. कारकुनाने चाळून पाहिल्या, मध्येच हसला, मध्येच हसू आवरलं. सुनावणी होणार!

गुरुवार, ९ मे

बसने ताईकडे जाऊन आले. गालावर रंग आलाय. खोलीपासून गच्चीपर्यंत चालते, मध्ये एकदाच टेकते. नळी लांबलचक घेतली आहे, नात मागून ती उचलून धरते. मी तीन तास होते, दिवा एकदाही लुकलुकला नाही. उगाच वर बघत होते.

निघताना ताई म्हणाली, "तुझी सुनावणी झाली की घर बंद कर आणि इकडेच ये. माझ्याशेजारी पलंग मावतो." मी म्हटलं, मला कोण ठेवून घेणार? "लाल पेन आणणार नसशील तर ठेवतील."

बुधवार, २२ मे

सुनावणी झाली.

सभागृह भरलेलं. कंपनीचा माणूस नीटनेटका, पडद्यावर चित्रं, हिरवीगार झाडं. दीडशे नोकऱ्या म्हणाला. वायरमनने उठून विचारलं, "बांधताना की बांधून झाल्यावर?" — बांधून झाल्यावर तीस. सभागृहात खसखस पिकली.

इस्त्रीवाला बोलला. कागद विसरला होता, तसाच बोलला, लिहिल्यापेक्षा चांगलं. अधिकारी टेबलावर पेन ठेवून ऐकत होते. म्हणजे ऐकत होते की नव्हते, सांगता येत नाही. पाणी पीत होते मध्ये मध्ये.

मग मी. वाचून दाखवलं. अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "तुमच्या बहीण आता बऱ्या आहेत?" हो साहेब. "तिकडे पुरवठा खरंच इतका चांगला?" म्हटलं, तीन तास बसले होते साहेब, दिवा लुकलुकला नाही. त्यांनी पेन उचललं आणि लिहून घेतलं. एवढ्या लोकांत फक्त माझं लिहून घेतलं! शाळेतल्या एखाद्या शहाण्या मुलासारखं, मान खाली घालून.

बाहेर आल्यावर वकीलबाईने माझा हात दाबला.

शुक्रवार, १४ जून

जिंकलो!!

सकाळी वकीलबाईचा फोन — काचकारखान्याची जागा नामंजूर. सविस्तर निकालाची प्रत नंतर मिळेल, पण नक्की. औषधवाल्याने दुकान अर्धं बंद करून सगळ्यांना चहा पाजला. चौथ्या गल्लीतला नवराही आला, बायकोने ओढून आणलेला. इस्त्रीवाल्याने माझी सुती साडी फुकट इस्त्री करून आणून दिली. कडक! शिंपीणबाई म्हणाल्या, आता लाइनही बदलून घेऊ, बाई, लिहा पुन्हा. मी म्हटलं, तुम्हीच लिहा. सगळे इतके हसले, जणू मी विनोद केला.

ताईला फोन केला. ती ओरडली — ओरडली! दोन महिन्यांपूर्वी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. "माझ्यामुळे जिंकलात ना ग?" म्हटलं, तुझ्यामुळेच. लहान पोरीसारखी खूश झाली. "आता ये," म्हणाली.

जाणार आहे. ठरलं. महिनाअखेर. किल्ली शिंपीणबाईंकडे ठेवीन.

बुधवार, १९ जून

पुस्तकं खोक्यात भरली. ताईच्या खोलीतला कोपरा झाडला. यंत्राची चाकं जिथे असायची तिथे फरशीवर चार ठिपके राहिलेत, घासून निघत नाहीत. राहू देत.

सोमवार, २४ जून

निकालाची प्रत आली. बारा पानं. अकराव्यावर — 'हरकत क्रमांक ११३ व सुनावणीतील निवेदन विचारात घेता, नदीपलीकडील वसाहतीत वीजपुरवठा अखंडित व मुबलक असल्याचे दिसून येते. सबब प्रस्तावित केंद्रासाठी सदर वसाहतीलगतची जागा पर्यायी म्हणून मंजूर करण्यात येत आहे.'

एकशे तेरा क्रमांकाची हरकत माझी.

ताईचा फोन आला. "प्रत मिळाली का ग? वाचून दाखव ना."

चष्मा सापडत नाही म्हणाले.